गिरमिट आणि टिटवी

खाऱ्या तळ्याला अजून कुंपण पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एके सकाळी माणसं लांबलचक गिरमिट घेऊन काठावर आली. गिरमिट चिखलात खोल शिरून मूठभर गाळ वर आणायचं. माणसं तो पिशवीत बांधायची आणि भोकापाशी लाल झेंडी रोवायची.

काठावरच्या टिटवीला हे पहिल्यापासून खटकलं. तिने गिरमिटाला हटकलं, "काय शोधतोयस रे?"

"गाळात युरेनियम आहे का, एवढंच बघतोय, टिटवीबाई. अजून काही ठरलेलं नाही."

"किती नम्रपणे बोलतोय बघ, मावशी," पाण्यात उभा असलेला रोहित पक्षी म्हणाला. "मूठभर गाळाने तळं आटणार आहे का? तू उगाच संशय घेतेस."

टिटवीची नजर गिरमिटावरून हलेना. अंडी घालायच्या आधी तीही असंच करायची. चार ठिकाणी माती उकरायची, छाती टेकवून बघायची, सोडून द्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, अजून काही ठरलेलं नाही. आणि एकदा जागा पसंत पडली, की म्हशीलासुद्धा तिकडे फिरकू द्यायची नाही.

आठव्या दिवशी माणसं झेंड्या उपटून निघाली.

"गेले बघ," रोहित म्हणाला. "आता तरी पटलं ना?"

टिटवीने काठभर नजर फिरवली. अकरा झेंड्यांपैकी दहा गेल्या होत्या. एक तशीच फडफडत होती.

"त्यांना जागा पसंत पडली," ती म्हणाली. "आता आपल्याला फिरकू देणार नाहीत."