आबा क्लिकवर बसत नाहीत

“…मग नेमकं किती घालायचं सर, एवढंच सांगा.”

बस्त्याव मास्तर पडवीत उभे होते. ते आपल्या बेसची, म्हणजे उभ्याने वाजवायच्या त्या अजस्र व्हायोलिनची, खुंटी पिळत होते. बेस मुळातच त्यांच्याहून उंच. त्यात मास्तर आता पाठीत वाकले होते, त्यामुळे दोघांमधला फरक वर्षागणिक वाढतच चालला होता.

तुळजारामने दात आवळले.

बार्शीच्या गोंधळ्याचा हा मुलगा मुंबईत सॅक्सोफोन वाजवायचा. पोस्टरवर त्याचं नाव ‘टीजे’ असं छापून यायचं. जॅझ वाजवणाऱ्यांत त्याचा दबदबा होता आणि तो त्याला चांगला ठाऊकही होता. अख्ख्या मुंबईत तो कुणाचं ऐकून घेत नसे. ऐकायचा तो फक्त या म्हाताऱ्याचं. आणि हा म्हातारा वसईला केळीच्या वाडीत राहायचा आणि कधी सरळ बोलायचा नाही.

“संबळ किती, जॅझ किती आणि लोकांना आवडेल असं किती? पुण्याचे जॅझवाले म्हणतात, संबळ आला की जत्रा होते. परदेशातले महोत्सववाले म्हणतात, अजून मातीचा वास येऊ द्या. कंपनी म्हणते, पोरांना नाचता आलं पाहिजे. मी कुणाकुणाचं ऐकायचं?”

“अंबादासराव, चहा गोड झालाय ना?” मास्तरांनी विचारलं.

“झालाय की,” आबा म्हणाले.

अंबादास रेणके, तुळजारामचे वडील, भिंतीला टेकून चटईवर बसले होते. समोर संबळाची जोडी. जन्मभर देवीच्या गोंधळात त्यांनी ती वाजवली होती. आज मात्र मुलाने त्यांना सकाळीच गाडीत घातलं होतं आणि वाटेत एक शब्द बोलला नव्हता.

“सर, तुम्ही ऐकताय का?”

“ऐकतोय. तू भांडण सांगतोयस. अडचण सांगितलीच नाहीस अजून.”

तुळजाराम वडिलांकडे न बघता म्हणाला,

“आबा क्लिकवर बसत नाहीत.”

…

मामला असा होता. एक रेकॉर्ड कंपनी तुळजारामची एक रचना काढणार होती. खाली आबांचा संबळ, वर त्याचा सॅक्सोफोन आणि मध्ये बाकीचा बँड. बँडमधल्या सोबत्यांनी त्यासाठी लग्नातल्या संगीताची कामं सोडून तालमी केल्या होत्या. सगळं जमलं, आणि स्टुडिओत गाडी अडली.

स्टुडिओत प्रत्येकाच्या कानात घड्याळासारखी टकटक सोडतात. तिला क्लिक म्हणतात. सगळ्यांनी तिच्या पावलावर पाऊल टाकून वाजवायचं, म्हणजे पुढे जोडकाम सोपं जातं. आबांनी कानात टकटक घेतली, मान डोलावली, झकास सुरुवात केली. आणि जिथे गोंधळात देवीचा उदो होतो ती जागा आली, की आबा टकटकीला मागे टाकून पुढे निघून गेले. दर वेळी. थांबवलं, समजावलं, परत घेतलं. परत तेच.

“मी घरी बसवून शिकवलं सर. रोज. म्हटलं आबा, ही टकटक म्हणजे देवी समजा.”

“मग?”

“मग म्हणाले, देवी अशी एका जागी उभी ऱ्हात नसती.”

मास्तर खोकल्यासारखं काहीतरी हसले. तुळजारामला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

“हसू नका सर. कंपनीच्या केतकी मॅडम संध्याकाळपर्यंत उत्तर मागतायत. क्लिक सोडला तर कंपनी जाते. आबांना काढलं तर… आबांना काढलं तर त्या रचनेत उरतं काय? म्हणून तर आबांना तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही त्यांना सांगा.”

“काय सांगू?”

“सरळ वाजवायला.”

मास्तरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी बशीतला चहा संपवला आणि बशी पालथी घातली.

“वाजवा,” मास्तर म्हणाले.

…

तुळजारामने मोबाइलवर क्लिक लावला आणि फोन पडवीच्या कठड्यावर ठेवला. टक, टक, टक. आबांनी संबळ धरला. मास्तरांनी बेस मिठीत घेतला. तुळजारामने सॅक्सोफोन तोंडाला लावला.

ठेका बसला. वाडीतल्या केळींपर्यंत आवाज गेला. सूर चढत गेले, आणि ती जागा आली. आबा सुटले.

तुळजाराम थांबला. “बघितलं?”

“परत,” मास्तर म्हणाले.

परत सुरू केलं. परत आबा सुटले. तुळजाराम परत थांबला.

“परत.”

“सर, तेच होणार.”

“परत.”

आता तुळजारामच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. तो स्टुडिओत थकला होता, घरी थकला होता आणि आता गुरूच्या दारातही तेच दळण दळत होता. आबा सुटले तसा त्याने सॅक्सोफोन मांडीवर आपटल्यासारखा ठेवला.

“आबा, ती टकटक ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“येती की.”

“मग थांबत का नाही तिच्यासाठी?”

आबा खरंच विचारात पडले. “ती कुठं थांबती माझ्यासाठी,” ते म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. तुळजारामला ती असती तर बरं वाटलं असतं.

“हे असं आहे सर. भिंतीशी बोलल्यासारखं.”

मास्तरांनी बेस भिंतीला टेकवला. “अंबादासराव, तुम्ही जरा टेका. तुळजा, तू एकटा वाजव. क्लिकवर.”

“मी?” तुळजारामला हसू आलं. “मी क्लिक सोडत नाही सर. कुणालाही विचारा.”

“म्हणून तर. डोळे मिटून वाजव. आबांना दाखव कसं वाजवायचं ते.”

हे मात्र त्याला पटलं. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. टकटकीच्या मधोमध एकेक सूर खिळ्यासारखा ठोकत गेला. आबांनी हे ऐकावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मास्तर कठड्यापाशी गेले आणि फोनचा आवाज हळूच बंद केला.

तुळजारामला ते कळलं. त्याचा सूर क्षणभर हलला, पण गर्वाने त्याला सावरलं. आवाज असो नसो, टकटक त्याच्या डोक्यात होती. तो वाजवत राहिला. ती जागा आली आणि गेली. मग मास्तरांनी आवाज पुन्हा मोठा केला.

टक.

टकटक मागे होती. तो पुढे होता.

त्याने डोळे उघडले. “फोन अडकला.”

“असेल,” मास्तर म्हणाले. “परत.”

परत तसंच. आवाज बंद, आवाज सुरू. तो पुढे, टकटक मागे. या वेळी तो थांबला नाही, तिच्याशी जुळवून घ्यायची धडपड करत राहिला, आणि त्या धडपडीत सूर इतके केविलवाणे झाले की आबांनीच मान फिरवली.

“तुम्ही मुद्दाम गोंधळवताय मला,” तुळजाराम म्हणाला.

“हो.”

“का?”

मास्तरांनी बेस पुन्हा मिठीत घेतला. “अंबादासराव, या. तुळजा, फोन चालू राहू दे. थांबायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी.”

तिघांनी वाजवायला घेतलं. तुळजाराम वैतागलेला होता आणि वैतागाने वाजवत होता. कुणाला दाखवायचं म्हणून नाही, कुणाला आवडावं म्हणूनही नाही. फक्त हे एकदाचं संपावं म्हणून. ती जागा आली. आबांचा हात उचलला गेला. आणि त्याच घटकेला त्याचा श्वासही आत ओढला गेला. त्याने ठरवलं नव्हतं. लहानपणी आबांच्या मांडीला मांडी लावून रात्ररात्र बसला होता, त्या वेळी कधीतरी ते ठरून गेलं असावं. बाप आणि लेक एकदमच पुढे गेले. मास्तरांचा बेस त्यांच्या पायाखाली होता. फोन कठड्यावर एकटाच टकटकत राहिला.

तुकडा संपला.



तुळजारामच्या अंगावर काटा आला होता, आणि त्या काट्याचाही त्याला राग आला.

“हे ठीक आहे इथं पडवीत,” तो म्हणाला. “स्टुडिओत चालत नाही. तुमचं काय सर, तुम्ही कधी काही विकलंच नाही.”

“मी रोज विकलं,” मास्तर म्हणाले. “हॉटेलात लोक कोंबडी खायचे आणि मी वाजवायचो. कोंबडी चांगली असली की टाळ्या जास्त पडायच्या.”

“आणि तुम्हाला चालायचं?”

“कोंबडी खरंच चांगली असायची.”

आबा हसले. तुळजाराम हसला नाही. त्याला उत्तर हवं होतं आणि इथे कोंबडी मिळत होती.

…

तेवढ्यात तोच फोन वाजला. केतकी मॅडम. त्याने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“टीजे, गुड न्यूज आहे,” त्या म्हणाल्या. “मार्ग निघाला. काकांचा संबळ आपण नाही घेत. आपल्याकडे कॉम्प्युटरवर संबळाचे तयार आवाज आहेत, ते क्लिकवर पक्के बसतात. काकांचं नाव मात्र देऊ. आणि कव्हरवर फोटो त्यांचाच. पूर्ण पोशाख, कवड्यांची माळ, हातात पेटता पोत. एकदम अस्सल दिसेल.”

तुळजारामने आबांकडे पाहिलं. “आबा?”

“फोटोला काय जातंय,” आबा म्हणाले. “काढू दे की. पगडी धुवून घेतो.”

“आबा, वाजवणार दुसरंच काहीतरी. तुम्ही नाही.”

“कळलं की मला. तुझं काम हू दे बाबा. माझं काय, माझं वाजवून झालंय.”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. भांडले असते तर त्याने समजूत काढली असती. रडले असते तर रागावला असता. पण ते नुसते तयार झाले. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बेसच्या तारांवरची धूळ फडक्याने पुसत होते.

“टीजे? आहेस ना?”

“आहे.”

“मग करू ना असं?”

फोन हातात धरून तो उभा होता. ज्यांनी कामं सोडली होती ते सोबती डोळ्यांपुढे आले. नाव झालं असतं, ते डोळ्यांपुढे आलं. त्याने श्वास आत ओढला.

“नाही,” तो म्हणाला. “वाजवतील तर आबाच वाजवतील. आम्ही सगळे एका खोलीत बसून वाजवू. क्लिकशिवाय.”

केतकी मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “मला वैयक्तिक आवडलं असतं रे. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. मग या वेळी दुसरा बँड घेते. तुमचं पुढे बघू.”

फोन बंद झाला.

“फोटो तरी काढू द्यायचा हुतास,” आबा म्हणाले. ते खरोखर नाराज झाले होते. “लोकांनी बघितला असता.”

तुळजाराम पायरीवर बसला. सॅक्सोफोन मांडीवर आडवा. सोबत्यांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्याच्या डोक्यात सुरू झाली, आणि एकही वाक्य धड होईना. एकाने तर या रेकॉर्डच्या भरवशावर लग्न ठरवलं होतं. आता त्याच्या सासऱ्याला कोण समजावणार?

“गेलं काम,” तो म्हणाला. “तुमचं ऐकलं आणि गेलं.”

“मी काय सांगितलं होतं?” मास्तरांनी विचारलं.

तुळजारामने आठवून पाहिलं. मास्तरांनी काहीच सांगितलं नव्हतं. ‘परत’ म्हणाले होते, आणि कोंबडी. याने तो अधिकच चिडला.

“हेच तर सर. तुम्ही कधी काही सांगतच नाही. माणूस एवढ्या लांबून येतो. एक शब्द सांगा. किती घालायचं ते राहू द्या. कंपनीला काय आवडतं, पुणेवाल्यांना काय आवडतं, तेही राहू द्या. फक्त एवढं सांगा, आत्ता मी केलं ते बरोबर केलं ना?”

मास्तरांनी फडकं खांद्यावर टाकलं. त्याच्याकडे पाहिलं. कठीण तुकडा वाजवून झालेल्या माणसाकडे पाहावं, तसं…

“‘नाही’ म्हणालास तेव्हा लयीत होतास,” ते म्हणाले. “आत्ता विचारलंस, तिथे लय सुटली.”