ओठ न उघडण्याचा वसा

ऐका गं बायांनो. ह्यातला एक शब्द खरा मानून दाखवा, माझी सुपारी तुमची!

आटपाट म्हणतात तसलं एक नगर होतं. तिथं दोघी जावा. थोरली भिवरा, तिची कूस रिकामी. धाकटी साळू, तिला गोपाळ नावाचं दुडदुडतं पोर. पोर उठलं की साळूकडं, हसलं की साळूकडं, रडलं की साळूकडं. भिवराच्या पोटात नुसता जाळ.

मग भिवरानं काय केलं? बाजारातनं पावा आणला, पोराला दिला. पोर खुळावलं. पण पळालं कुठं? आईला दाखवायला! पावा तोंडात, पाय उंबऱ्यात. पडलं धाडकन्. वरचा ओठ आतून फाटला, रक्ताची धार लागली.

मग साळू धावली, ओठ वर करून बघितला. थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू. मग सासू आली, ओठ वर करून बघितला. पुन्हा सुरू. मग शेजारीण आली, "अगं बाई, मला बघू दे की!" पुन्हा सुरू.

साळू ओरडली, "जाऊबाई, तुमच्या पाव्यानं माझं पोर जातंय!"

तेवढ्यात लेकरांची देवी सटवाई दारात आली, म्हातारीचं रूप घेऊन. म्हणाली, "थोरले, वसा घेशील?"

"घेते बाई. काय करू?"

"पोर मांडीवर घे, पुढं वाकव, रक्त गिळू देऊ नको. गार पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका ओठावर दाबून धर. हळद कोंबू नको. उचलून बघायचं नाही, कुणाला बघू द्यायचं नाही. मागं घशापाशी टोचलं असेल, श्वास अडला, लाळ गिळवेना, रक्त थांबेना, तर वैद्याकडं पळ. आत काही रुतलं असेल तर उपटू नको, तसंच ने."

"कुणाला बघू द्यायचं नाही?" भिवराचे डोळे चमकले. हा तर तिच्याच मापाचा वसा!

मग तिनं पोर मांडीवर घेतलं. साळू म्हणाली, "बघू द्या हो." "नाही." सासू म्हणाली, "भिवरे, बघू दे." "नाही." शेजारीण वाकली. "तू तर मुळीच नाही!" जळकी बाई ती, आयतं पोर मांडीवर आलेलं, सोडतेय कशाला? धरलं तसं धरून बसली. रक्त थांबलं. पोरानं गार दहीभात तिच्याच हातनं खाल्ला.

मग पावा तिनं फडताळात ठेवला. "बूड टेकलंस तर पावा. उठलास की गेला." आता पोर रोज येतं, तिच्यापाशी बसतं, पीं पीं करतं. आणि साळू चुलीपाशी धुसफुसते, "एवढं काय मेलं त्या पाव्यात!"

भिवराची मांडी भरली, तशी तुमची-आमची भरो. साठ तोंडांनी सांगायची कहाणी, पाच तोंडांत आटोपली, सुफळ झाली.

काय बसलात? जा आता! पोरं काय तोंडात घालून पळताहेत ते बघा.