रोख्यावरची ओली शाई

भाविकहो, त्या साली ओवरीकर महाराज वडाळखेडला सोमेश्वराच्या ओवरीत उतरले होते. गावचे सावकार माणकशेट जाऊन वर्ष होत आलं होतं. गादीवर आता त्यांचा मुलगा नथूशेट होता आणि भागाबाई कोष्टिणीचा गहाण पडलेला हातमाग उचलायला तो स्वतः माणसं घेऊन तिच्या दारात उभा होता.

"शेट, थोरल्या शेटना मी पै न् पै चुकती केली हो! उद्या रोख्यावर 'भरून पावलो' लिहून देतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला."

"साक्षीला कोण?"

"सोमेश्वर. त्याच्याच पायरीवर दिले पैसे."

नथूशेट खदखदून हसला. "मग भागे, देवालाच आण सही करायला!"

हसला खरा, पण आत कुठेतरी टोचलं. वाचा गेल्यावर वडील तीन दिवस बोटानं हवेत लिहीत होते, दौतीकडे बघत होते. म्हातारा मळा बहिणीच्या नावे करील, या धास्तीनं नथूशेटनं दौत-बोरू माडीवर नेऊन ठेवले होते.

भागाबाईनं ओवरीत धाव घेतली. "माग गेला तर खाऊ काय, महाराज?" महाराज उठले ते तडक तिच्या दारी आले.

महाराज म्हणाले, "नथू, हातातल्या रोख्याची पाठ वाच."

"कोरी आहे, महाराज. सकाळीच पाहिली."

"वाच तर खरं."

त्यानं कागद उलटला आणि काय सांगावं! वडिलांची वळणदार मोडी! 'भागाबाई कोष्टीण हिजकडून भरून पावलो. माणकशेट.' शाई ओली होती. त्याच्या अंगठ्याला लागली.

नथूशेटच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, तीन दिवस बाबा हेच मागत होते का हो?"

महाराजांचे डोळे भरून आले. "एवढंच राहिलं होतं रे त्याचं."

तो महाराजांच्या पायांवर पडायला वाकला, तर महाराज मागे सरले आणि त्यांनी भागाबाईकडे बोट केलं. गावच्या सावकारानं कोष्टिणीच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि रोखा तिच्या पायाशी ठेवला.

"उठा, शेट," ती म्हणाली. "थोरले शेट शब्दाचे पक्के. मला ठाऊक होतं."

"मी पोटचा मुलगा, भागाबाई," नथूशेट रडत म्हणाला, "मला नव्हतं."