झिराईची जागा

त्या राज्यात आठवण ठेवण्याचे काम एका भिंतीवर सोपवलेले होते. भिंत लांबलचक होती. तिच्यावर कुणीही लिहावे, कुणीही पुसावे, अशी मोकळीक होती. जुन्या देवांविषयी काही जाणून घ्यायचे असले की प्राणी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारत नसत, भिंत वाचून येत. अट एकच होती. लिहायची गोष्ट आधी दुसरीकडे कुठेतरी दगडात कोरलेली हवी, आणि कुठे कोरली आहे याची खूण मजकुराखाली करायची. तिला साक्ष म्हणत. स्वतः पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले साक्षीत धरत नसत. भांडायचे असेल तर भिंतीच्या मागच्या बाजूला जायचे. त्यामुळे भिंत पुढून देवळासारखी शांत असे आणि मागे मासळीबाजार भरलेला असे.

या भिंतीवर एक सायाळ लिहीत असे. अंगावरचाच काटा उपसून, शाईत बुडवून ती लिही. दर वेळी थोडे दुखे, म्हणून फालतू ओळ तिच्या हातून सहसा जात नसे.

ती आली होती रानाच्या तळाशी असलेल्या एका झिऱ्यावरून. खडकातून झिरपणारे ते पाणी म्हणजेच झिराई, तिथली देवी. तिला देऊळ नव्हते, पुजारी नव्हता आणि नवराही नव्हता. यातल्या शेवटच्या गोष्टीला तिथे फार मोल होते. जिला कळपाने हाकलले, जिच्या बिळात दुसरीच कुणी आणून बसवली, ती झिऱ्यावर येऊन राही, आणि तिला ओढून न्यायला आलेले नर अलीकडच्या कड्यापाशीच थांबत. देवीलाच धनी नाही, तेव्हा तिच्याकडे आलेलीवर कुणी हक्क सांगायचा नाही, अशी रीत होती. सायाळ अगदी कोवळ्या वयात रक्ताळलेल्या पायांनी तिथे पोचली होती. झिऱ्यावरच्या म्हाताऱ्या कासविणीने तिला एका शब्दाने काही विचारले नव्हते.

हे सगळे तिने भिंतीवर लिहिले आणि शाई वाळायच्या आत ते पुसले गेले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले गेले. ती भिंतीमागे रडत बसली असताना धनेश तिच्याजवळ उतरला. हा मोठ्या चोचीचा जुना लिहिणारा, ज्याचा शब्द भिंतीवर सहसा कुणी खाली पडू देत नसे.

"रडून साक्ष मिळत नाही, पोरी," तो म्हणाला. "थांब, शोधू आपण."

त्याने डोंगरापलीकडे खेपा घातल्या आणि एका बुजलेल्या बारवेच्या पायरीवर झिराईचे नाव शोधून काढले. खडकातून आलेली पाण्याची देवी, एवढेच तिथे कोरलेले होते. पण तेवढे पुरले. झिराईची नोंद भिंतीवर उभी राहिली. पुढे कित्येक पावसाळे दोघे शेजारी बसून विसरलेल्या देवांविषयी लिहीत राहिले. सायाळ त्याला दादा म्हणू लागली. तिला सख्खे असे कुणी उरलेले नव्हते, त्यामुळे ती ते मनापासून म्हणे.

नोंदीतल्या एका ओळीची मात्र तिला धास्ती होती. 'झिराईला जोडीदार नाही.' एक दिवस तिने ती धनेशाला बोलून दाखवली.

"दादा, खाली खूण बारवेची आहे, पण बारवेवर हे नाही. कुठेच नसणार. नसलेला नवरा कोरायला कोण बसतंय?"

"राहू दे गं," धनेश म्हणाला. "बारवेत उतरून कोण बघणार आहे? मी आहे ना."

सायाळीला त्या रात्री शांत झोप लागली.

मोर हे शिखरदेवाचे भक्त. शिखरदेवाची नोंद भिंतीवर सर्वांत लांब होती आणि मोरांना ती आणखी लांब हवी होती. रानोमाळच्या लहानसहान देवी त्याच्या राण्या करून टाकल्या की ती आपोआप वाढे. झिराई तेवढी त्यांच्या घशात अडकली होती, कारण तिला कुणी नाही असे चक्क लिहिलेले होते. त्याच सुमारास भिंतीचा नवा राखणदार निवडायचा होता. राखणदाराला कोणतीही नोंद बंद करता येई आणि उघडताही येई. निवड जमलेल्यांच्या कौलाने होई, आणि जमायला मोरांइतका रिकामा वेळ राज्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. धनेशाला राखणदार व्हायचे होते.

भिंतीमागे सभा भरली. मोरांनी विचारले, "झिराईला जोडीदार नाही, याला साक्ष काय?"

सायाळीने धनेशाकडे पाहिले. तो बोलेल याची तिला खात्री होती, आणि तो बोललाही.

"बारवेची पायरी मी स्वतः पाहिली आहे. तिथे असं काही नाही. ही ओळ या बाईंच्या पदरची आहे. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं."

इतकी वर्षे अगंतुगं करणारा धनेश 'या बाई' म्हणाला, तेव्हाच सायाळ काय ते समजली. भिंतीपुढे येऊन त्याने सर्वांदेखत आपल्या चोचीने ती ओळ घासून काढली. मग मोरांनी आपल्या दरीतला एक शिलालेख पुढे केला. सर्व जलदेवता शिखरदेवाच्या अंगणात नांदतात, असे त्यात होते. अंगणात म्हणजे घरात आणि घरात म्हणजे राणी, हे ठरायला फार वेळ लागला नाही. झिराईची नोंद पुसली गेली. तिच्या जागी शिखरदेवाच्या नोंदीकडे बोट दाखवणारा एक बाण तेवढा उरला. मोरांच्या कौलाने धनेश राखणदार झाला आणि त्याने ती जागा बंद करून टाकली.

"दादा, ते खरं होतं," सायाळ त्याला एकट्याला गाठून म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

"खरं असेलही. भिंतीवर खरं नाही लिहायचं, साक्षीचं लिहायचं. मीच शिकवलं ना तुला?"

"मग इतकी वर्षं गप्प का होतात?"

धनेश चोच फांदीला घासून साफ करू लागला. सायाळीला पुसल्या गेलेल्या ओळीपेक्षा त्याच्या त्या वर्षानुवर्षे गप्प राहण्याची चीड आली. तिचा विश्वास त्याने नीट जपला होता, पण तो असा वेळेवर मोडून खाण्यासाठी.

"दगडातली साक्ष आण," नवा राखणदार शेवटी म्हणाला. "नोंद उघडून देतो."

दगड जुनाच हवा असे नियमात कुठे नव्हते. सायाळीने दगड कोरणारा एक सुतारपक्षी गाठला. झिऱ्यावरची सर्वांत म्हातारी कासवीण जे सांगेल ते त्याने तिथल्याच खडकावर कोरायचे, असे ठरले.

"ऐकेन तेच कोरीन," त्याने बजावले. "एक अक्षर इकडेतिकडे होणार नाही."

सायाळीला हेच हवे होते. दोघे निघाले. वाट लांबची होती आणि सायाळ चालणारी, तेव्हा भिंत वाचलेले मोर त्यांच्या कितीतरी आधी झिऱ्यावर पोचलेले होते.

कड्यापाशी एक मोर पहाऱ्याला बसला होता. त्याच्यापुढे भेकराची एक तरुण मादी उभी होती. तिच्या मागच्या पायातून रक्त येत होते.

"कुणाची तू?" मोर विचारत होता. "देवीच्या धन्याच्या दारात आलीस, तर आधी आपल्या धन्याचं नाव सांग."

आत झिऱ्याशेजारी शेंदूर फासलेला नवा दगड बसवला होता आणि पाण्यावर हळद तरंगत होती. सायाळ धावतच कासविणीपाशी गेली. सुतारपक्षी खडकाला नखे रोवून तयार झाला.

"आजी, याला सांगा. झिराईचं कोण होतं?"

कासविणीने शेंदूर फासलेल्या दगडाकडे पाहिले.

"मी म्हणायचे, कुणी नाही. माझी आईही तसंच म्हणायची. पण लांबलांबून शिकलेली मंडळी येतात गं, सगळ्यांनी भिंतीवर वाचलेलं असतं. एवढी मोठी भिंत खोटं कशाला बोलेल? माझंच काही चुकत असणार."

"आजी, नका ना असं बोलू."

पण कासवीण सुतारपक्ष्याकडे वळली होती. सगळे ऐकत आहेत असे पाहून तिने आवाज जरा खणखणीत केला.

"घे बाबा लिहून. झिराई, शिखरदेवाची धाकटी राणी."

सुतारपक्ष्याने एक अक्षरही इकडेतिकडे होऊ दिले नाही. खडकाच्या कपच्या झिऱ्यात पडत राहिल्या. तिकडे कड्यापाशी भेकराची मादी अजून थोडा वेळ उभी राहिली, आणि मग वळून, आली होती त्याच वाटेने लंगडत परत निघाली.