बांधलेली घंटा

"घंटा बांधून ठेवली तर चालेल का?" त्र्यंबकने विचारलं.

नरहरबुवा देवळाच्या ओसरीवर उपरण्याची घडी घालत होते. त्यांनी घडी पूर्ण केली.

"कोणती घंटा?"

"सभामंडपातली. उद्या कीर्तन संपेपर्यंत. आरतीच्या आधी मी सोडीन."

बुवांनी उपरणं मांडीवर ठेवलं.

मी पेटी पुसत बाजूला बसलो होतो. उत्सवात पेटीवर मी असायचो, म्हणून हे संभाषण माझ्या कानांवर पडलं. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. इतक्या वर्षांनी मला माझ्या आठवणीची खात्री देता येत नाही.

खाडीकाठच्या आमच्या गावात नृसिंहाचं देऊळ आहे. वैशाखात त्याचा उत्सव. उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं घरी येत, मंडपात माडाच्या झावळ्यांचा वास भरलेला असे, आणि रोज कीर्तन. आधी बुवांच्या वडिलांनी केलं, मग बुवांनी. त्या वर्षी बुवांचा गळा गेला होता. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. कुजबुजल्यासारखं बोलत तेवढंच.

म्हणून त्र्यंबक उभा राहिला होता. संस्कृतात एम.ए., पुण्याच्या कॉलेजात नोकरी, आवाज मोकळा. बुवांचा हा एकच शिष्य. त्याने सोडलं असतं, तर देवळातलं कीर्तन संपलं असतं. हे गावाला माहीत होतं, आणि त्र्यंबकलाही.

पण गावात दाजी अभ्यंकर होते.

दाजी कीर्तन रंगात आलं की येत. आल्यावर साखळी धरून घंटा अशी वाजवत, की गायचं ते थांबावंच लागे. मग पहिल्या खांबाशी बसत. काठी फरशीवर ठेवत. काठीच्या टोकाला पितळी टोपण होतं, त्याचा आवाज पार गाभाऱ्यापर्यंत जाई. आणि मग मान हलवायला सुरुवात. होकारार्थी नव्हे.

"बुवा असते तर इथे थांबले असते," ते शेजारच्याला सांगत.

बुवा समोरच भिंतीला टेकून बसलेले असत.

आदल्या संध्याकाळी तर त्यांनी भर कीर्तनात निकाल दिला होता. पुस्तकातलं आहे सगळं, एवढंच म्हणाले. दोन बायका हसल्या. त्र्यंबकचा पुढचा श्लोक चुकला. श्लोक त्याला पाठ होता, मलासुद्धा होता.

"दाजींना येऊ नका म्हणून सांगता येणार नाही, मला कळतं," त्र्यंबक म्हणाला. "पण घंटा तरी... मी रात्र रात्र तयारी करतो, बुवा. आणि एक माणूस येऊन सगळं मोडून जातो."

"हं."

"तुमच्या वेळी असं नव्हतं."

बुवा पहिल्यांदा हसले. "माझ्या वेळी ते म्हणायचे, थोरले बुवा असते तर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? गायलो."

त्र्यंबकला ते उत्तर वाटलं नाही. तो शांतपणे म्हणाला की उद्याचं शेवटचं, जन्माचं कीर्तन आहे. तेही असंच मोडलं, तर परवाच्या पहिल्या गाडीने तो पुण्याला जाईल आणि पुन्हा चिपळ्या हातात घेणार नाही. धमकी नव्हती ती. माणूस थकला होता.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बांध," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नैवेद्यानंतर त्र्यंबकने गुरवाकडून शिडी आणली. आपल्याच जुन्या पंच्याचा तुकडा घंटेच्या आतल्या लोळ्याभोवती गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. शिडी गुरव घरी घेऊन गेला, त्याला आंबे उतरवायचे होते.

कीर्तन सुरू झालं. त्या दिवशी त्र्यंबकचा आवाज फार चांगला लागला होता. हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग माणसं येऊ लागली.

येणाऱ्याने सवयीने साखळी ओढावी. ठप्प. त्याने वर पाहावं. पुन्हा ओढावी. ठप्प. मग खाली बसलेल्याला विचारावं, काय झालं हिला? बसलेल्याने खांदे उडवावेत. तोवर दुसरा यायचा. एका सासूबाईंनी सुनेला सांगितलं की तुला जोर नाही, बाजूला हो. आणि स्वतः ओढून पाहिली. कुणी म्हणालं, भेग गेली असेल. कुणी म्हणालं, उत्सवात असं होणं बरं नव्हे.

घंटेचा आवाज होऊन विरून जायचा. ही कुजबुज विरत नव्हती.

त्र्यंबक आवाज चढवत गेला. मी पेटीचा भाता जोरात ओढू लागलो. बुवा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते.

दाजी आले. साखळी ओढली. ठप्प. त्यांनी वर पाहिलं, मग त्र्यंबककडे पाहिलं, आणि काही न बोलता खांबाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही. ते जास्त वाईट होतं.

आमच्याकडे नृसिंहाचा जन्म सूर्यास्ताला होतो. पश्चिमेच्या दारातून ऊन आत येतं, फरशीवरून सरकत दाजींच्या खांबावर चढतं, आणि ते वर वर जाऊन विझू लागलं की कीर्तनकाराने कथा त्या क्षणाला आणायची. हिरण्यकश्यपू विचारतो, या खांबात आहे का तुझा देव? लाथ मारतो. खांब दुभंगतो. आणि त्याच क्षणी घंटा वाजते, गुलाल उडतो.

घंटा वाजल्याशिवाय जन्म नाही.

हे त्र्यंबकला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून तो बुवांच्या मागे उभा राहत आला होता. पण घंटा वाजायचीच, म्हणून तिचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आरतीची त्याने आठवण ठेवली होती. जन्माची राहिली.

"आहे का?" त्र्यंबकने हिरण्यकश्यपूच्या आवाजात विचारलं, आणि पाय आपटला.

जन्माची घंटा वाजवायचा मान दाजींचा. ते आधीच उठून उभे होते. त्यांनी साखळी ओढली.

ठप्प.

पुन्हा.

ठप्प.

गुलालाच्या मुठी वर उचललेल्या तशाच राहिल्या. मंडपात कुणी बोलत नव्हतं. दिवसभर हवी होती ती शांतता त्र्यंबकला आता मिळाली होती... त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांचे डोळे उघडे होते, हात जोडलेले होते, आणि ते खांबाकडे पाहत होते.

ऊन खांबाच्या टोकाशी आलं होतं.

"सरका," दाजी म्हणाले.

त्यांनी काठी उलटी धरली, टाचा उंच केल्या, आणि पितळी टोपण घंटेच्या कडेवर हाणलं.

आवाज नेहमीचा नव्हता. आत फडकं अडकलेलं, त्यामुळे घोगरा, बसलेल्या गळ्यासारखा. पण झाला. दाजींनी पुन्हा हाणलं. गुलाल उडाला. बायकांनी देवाच्या पाळण्याला हात लावला. दाजी मारतच राहिले, धापा टाकत, जणू देवाने या वर्षी उशीर केला होता.

आणि त्र्यंबक गायला लागला. घंटा थांबायची वाट न पाहता. त्या घोगऱ्या, बेसूर, थांबत नसलेल्या आवाजात तो पाळणा गायला. मी सूर शोधत राहिलो, मला तो शेवटपर्यंत सापडला नाही. कुणाचं काही अडलं नाही.

आता त्या मंडपात विजेवर चालणारं यंत्र आहे. बटण दाबलं की घंटा आणि नगारा एकदम, एका लयीत वाजतात. कधी चुकत नाहीत. मी गेलो की बाहेरच उभा राहतो.

त्या संध्याकाळी आरतीनंतर पन्हं वाटलं गेलं. दाजींनी दोन पेले घेतले. जाताना त्र्यंबकसमोर थांबले.

"बुवा असते तर घंटा बांधली नसती," ते म्हणाले, आणि काठी वाजवत पायऱ्या उतरले.

त्र्यंबक हसला. मला वाटतं हसला. अंधारायला लागलं होतं.

गुरवाने शिडी परत आणली. त्र्यंबक वर चढला, गाठ सोडली आणि फडकं घेऊन खाली आला. बुवा ओसरीवर पन्ह्याचा पेला हातात धरून बसले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

बुवांनी एक घोट घेतला.

"मग मला अडवलं का नाहीत?"

"तू थकला होतास."

बुवांना खरंच ठाऊक होतं, की तेही विसरले होते? मला अजून ठरवता आलेलं नाही.

खाडीवरून वारा आला. त्याने साखळी जराशी हलली, आणि घंटा आपोआप, अगदी हळू वाजली.

त्र्यंबक फडक्याची घडी घालू लागला. पहिल्या गाडीचं नाव त्याने काढलं नाही.

"पुढच्या वर्षी दाजींना काय सांगू?" त्याने विचारलं.

बुवांनी पेला खाली ठेवला.

"सांग, काठी आणायला विसरू नका."