सायाळीचा अर्धा फटका

बाळांनो, हे सगळं सुरू झालं एका संध्याकाळी बरोबर सहा वाजता. डोंगराखालच्या एका रानात एक सायाळ आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहायची. रानाच्या कुंपणापलीकडे माणसांचं गोल्फचं मैदान होतं. तिथून एक पांढरा चेंडू आणि टाकून दिलेली एक काठी रानात आली होती. मग प्राण्यांनी माळावर एक खळगा केला आणि काठीने चेंडू त्यात घालत तेही गोल्फ खेळू लागले. पण चेंडू एकच, आणि माळाला लागूनच खोल डोह. चेंडू त्यात गेला की सगळ्यांचाच खेळ कायमचा बंद! सायाळीला रात्री कंदमुळं शोधायला निघण्याआधी घटकाभर मोकळीक मिळे, तेवढाच तिचा विरंगुळा.

वानर मात्र दिवसभर खेळे. काठी पार मानेमागे नेई, कमरेला पीळ देई आणि सणकन फटका मारी. चेंडू कुठच्या कुठे जाई. हे होतं तरी कसं, याचं सायाळीला भारी कुतूहल. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, मलाही शिकवा की." वानर म्हणालं, "त्यात काय! काठी मागे ने, कंबर पुरती फिरव. फटका म्हणतात तो यालाच. बाकीची नुसती झाडलोट!"

सायाळीने अगदी तसंच केलं. पण अंगाला पीळ बसताच तिचे काटे ताठ उभे राहिले, काठी त्यांत अडकली आणि फटका वाकडा बसला. चेंडू घरंगळत गेला तो थेट डोहाच्या काठावर, चिखलात जाऊन थांबला. एक सैल काटा गळून पिल्लाच्या नाकासमोर पडला. ते जवळ येऊन बघत होतं ना! (तुम्हीही काठी फिरवाल तेव्हा मागे कोण उभं आहे ते आधी बघा हं.)

"पुन्हा मार! आणखी जोरात!" वानर ओरडलं. खेळ बघायला आलेलं अस्वल घाबरून म्हणालं, "अहो वहिनी, आता चुकलात तर गेला चेंडू पाण्यात!" सायाळीने आधी पिल्लाला खडकामागे बसवलं. मग ती वानराकडे निरखून बघत राहिली. "दादा, तुमचे हात लांब, कंबर बारीक. माझं हे असं गाठोडं. काठी कमरेपर्यंतच नेली तर काय होईल हो?"

"काय होणार? हसू होईल!" वानर म्हणालं.

"होऊ दे. बघू तरी," म्हणत सायाळीने पाय घट्ट रोवले. काठी कमरेपर्यंत नेली, अंग न पिळता हळूच पुढे आणली. टक्! काटे जागचे हलले नाहीत. चेंडू चिखलातून निघाला, गवतावरून सरळ घरंगळला आणि खळग्याच्या थोडा अलीकडे थांबला.

"एवढासाच?" वानराने नाक मुरडलं.

"एवढासाच. पण कोरड्यात आहे," सायाळ म्हणाली. खडकामागून पिल्लू टाळ्या पिटत धावत आलं. अस्वलाने आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "वहिनी, माझीही कंबर काही फिरत नाही. पुन्हा एकदा दाखवता का?"

तात्पर्य : घटकाभर मजेसाठी खेळणाऱ्याने दुसऱ्याचा मोठा फटका उसना घेऊ नये, आपल्या अंगाला झेपेल, आपल्या वेळात जमेल, तीच पद्धत निवडावी. बाळांनो, एवढं तुमच्या खेळगड्यांना सांगा, आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन निघणाऱ्या घरातल्या मोठ्यांनाही आठवणीने सांगा.