कारवीचं मद्य

“आणि पाणी?” दुर्वाने विचारलं.

घाट चढून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात, एवढं ती परदेशात शिकतानाही विसरली नव्हती. तुळसामाईंनी तिच्या हातावर ठेवला तो नुसता गूळ.

माई झाडपाला आंबवून औषधी आसवं करणाऱ्या वैद्य. त्यांच्या मठीमागे झरा होता. त्याचा आवाज इथवर येत होता.

“पाणी देते. आधी सांग, मांडीवर ही बरणी कसली घेऊन बसलीस?”

“कारवीचा मध, माई. याचं मद्य करायचंय. जगात कुठेच नसेल असं. पण आंबतच नाही... एक बुडबुडा नाही.”

“मग दुसरा मध घे.”

“कारवी आता सात वर्षांनी फुलेल! अख्ख्या पाड्याने होता नव्हता तो मध माझ्या भरवशावर दिलाय. हा वाया गेला तर तोंड कसं दाखवू?”

“काय काय करून पाहिलंस?”

“सगळं. ऊब वाढवली, कमी केली. यीस्ट बदललं. आंबटपणा तपासला, हवा दिली...”

माईंनी आणखी एक खडा पुढे केला. “खा.”

तिने खाल्ला. जीभ टाळ्याला चिकटली.

“पाणी किती घातलंस?”

“अगदी थोडं. कारवी पातळ करायची? छे! तेवढं सोडून काहीही सांगा.”

“बरं.” आणखी एक खडा.

“माई, घसा सुकलाय! गुळाने मारता का मला?”

“गोडच तर देतेय, बाई.”

...

दुर्वा बरणीकडे पाहत राहिली. दाट साखर यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेते, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. आकृतीसकट.

माईंनी तांब्या भरून आणला. ती गटागटा प्यायली. 

त्या रात्री ती मठीच्या ओसरीवरच झोपली. झोपेत ती मधाच्या तळ्यातून चालत होती. तळं सोनेरी होतं, आतूनच उजळलेलं. काठावर कारवीचा जांभळा डोंगर तरंगत होता. आणि खूप खाली, मधात, बारीक बारीक तोंडं उघडत होती, मिटत होती... आवाज कसलाच नव्हता.

सकाळी तिने माईंकडून मोठा रांजण मागून घेतला. बरणी त्यात रिकामी केली आणि झऱ्यावरून घागर भरून आणली.

घागर कलती करताना तिचा हात थरथरला.

“माई, हे परत दाट करता येणार नाही.”

“नाहीच येणार.”

“मग किती घालू?”

माई उन्हाकडे तोंड करून केस विंचरत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“हात थरथरायचा थांबेपर्यंत.”